डाव्या हाताचा गंधार

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात आयुष्यभर भाता मारतो. सूर सगळे उजव्या हाताचे, डाव्याने फक्त हवा पुरवायची, ती कमी पडू द्यायची नाही आणि जास्तही होऊ द्यायची नाही. मी आठ वर्षांची असताना पेटीवर बसले आणि चव्वेचाळीसाव्या वर्षी पियानोवर, म्हणजे मधल्या छत्तीस वर्षांत माझ्या डाव्या हाताने एकही सूर वाजवलेला नव्हता. पहिल्या दिवशी पियानोच्या सरांनी कॉर्ड, म्हणजे तीनचार सूर एकदम, धरायला सांगितला तर माझा डावा हात आपोआप मागे गेला, भाता शोधायला. सरांनी ते पाहिलं, बोलले काही नाहीत, मनगट धरून हात पट्ट्यांवर आणून ठेवला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मला जॅझची स्वतःची एक चाल करायची होती. दुसऱ्यांच्या चाली वाजवण्यातही आनंद होताच, पण मी लहानपणापासून चाली लावत आलेय, आईच्या भजनी मंडळासाठी अभंगांना लावल्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाला लावल्या, आणि जी भाषा शिकतोय तिच्यात आपण स्वतः एक तरी वाक्य बोलून बघावं असं मला वाटतंच. नुसतं पाठ केलेलं म्हणून दाखवण्यात माझं मन रमत नाही.

जॅझकडे मी आले ते चितळकरांच्या वाटेने. आमच्या बाबांना संगीतकार सी. रामचंद्रांचं, म्हणजे चितळकरांचं, प्रचंड वेड, पुणतांब्याचा हा माणूस काय काय करून गेला हे ते जेवताना सांगायचे. 1951 च्या 'अलबेला'ची गाणी घरात सतत असायची आणि मला त्यातलं ट्रम्पेट फार आवडायचं, गाणाऱ्याच्या दोन ओळींच्या मध्ये घुसून काहीतरी बोलून जाणारं. खूप वर्षांनी कळलं की त्या काळात चितळकरांच्या जोडीला ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट होते, म्हणजे गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमाची गाणी, असं त्या पिढीतल्या कितीतरी गोवेकर वादकांचं आयुष्य गेलं. म्हणजे मी ज्याला आपलं जुनं गाणं म्हणत होते त्याच्यातच हे संगीत बसलेलं होतं, मला फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. मग चिक चॉकलेटवरून आर्मस्ट्राँग, आर्मस्ट्राँगवरून एलिंग्टन, एलिंग्टनवरून मंक, हे सगळे अमेरिकेतले जॅझवाले, असं करत करत एक दिवस मी बांद्र्याला सरांच्या दारात उभी.

सर बांद्र्याच्या गावठाणातले, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीच बोलतात, त्यांच्या वळणाची. वय सत्तरीच्या पुढे. 1978 ला मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा सॅक्सोफोनवाल्या सोनी रोलिन्सला त्यांनी समोर बसून ऐकलंय आणि ते सांगताना अजूनही त्यांचा आवाज खाली येतो. त्यांच्याकडे एक उभा पियानो आहे ज्याच्या दोनतीन पट्ट्या पावसाळ्यात फुगून बसतात. मी ठाण्याहून दादर, तिथे लाइन बदलून बांद्रा, दर शनिवारी.

सुरुवात ब्लूजने झाली. ब्लूज म्हणजे बारा बारचं आवर्तन, प्रत्येक बारला चार बीट, बारा झाले की परत पहिल्यावर. ज्याने तालात आयुष्य काढलंय त्याला हे समजायला वेळ लागत नाही. वेळ लागला तो दुसऱ्याच गोष्टीला. आपल्याकडे तानपुरा सुरू झाला की सा ठरला, मैफल संपेपर्यंत तो हलणार नाही, आणि प्रत्येक सुराची किंमत त्या साच्या नात्याने. जॅझमध्ये पायाखालची जमीन सरकते. पांढरी तीन, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी घ्या, पांढरी एकला सा मानला तर तो शुद्ध गंधार. खाली सीचा, म्हणजे पांढरी एकचा, कॉर्ड असेल तर तो गंधारच. पण खाली एफचा, म्हणजे पांढरी चारचा, कॉर्ड आला की तीच पट्टी त्या कॉर्डचा निषाद होते, ए मायनर आला की पंचम होते, डी मायनर आला की रिषभ. पट्टी तीच, बोट तेच, आणि सूर दर वेळी वेगळा ऐकू येतो. मी पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा एकाच पट्टीवर बोट ठेवून खालचे कॉर्ड बदलत अर्धा तास बसले होते, नवरा येऊन विचारून गेला की बिघडलाय का कीबोर्ड.

सरांनी डाव्या हाताला फक्त दोन बोटं दिली. अख्खा कॉर्ड धरूच नकोस म्हणाले, तिसरा आणि सातवा सूर तेवढा धर, सा बेसवाला बघेल. तर सी सेव्हन म्हणजे गंधार आणि कोमल निषाद, पांढरी तीन आणि काळी पाच. आता एफ सेव्हनला जायचं तर काय करायचं, दोन्ही बोटं एकेक पट्टी खाली. बस. पांढरी तीनची काळी दोन झाली, काळी पाचची पांढरी सहा. आणि जी सेव्हनला जायचं तर मूळ जागेवरून दोन्ही बोटं एकेक पट्टी वर, मध्यम आणि शुद्ध निषाद. म्हणजे अख्खा बारा बारचा ब्लूज डाव्या हाताच्या तीन जागांत मावतो, मधली, एक खालची, एक वरची. मला हे इतकं सुंदर वाटलं की परतीच्या लोकलमध्ये मी मांडीवरच्या पर्सवर दोन बोटं ठेवून तेच करत होते, चार बार मध्ये, दोन खाली, दोन मध्ये, एक वर, एक खाली, दोन मध्ये, आणि विक्रोळी कधी गेलं कळलं नाही.

त्यातला खालच्या जागेचा जो सूर आहे, काळी दोन, कोमल गंधार, त्याच्याबद्दल पुढे सांगते कारण माझी सगळी चाल त्याच्यावरच उभी आहे.

पहिली चाल मी तीन आठवड्यांत केली. भरपूर मेहनत घेतली, प्रत्येक बारमध्ये काहीतरी घडत होतं, सगळे कॉर्ड झाकून टाकले होते, एक तानेसारखी उतरण होती, शेवटी एक तिहाईसुद्धा होती, म्हणजे एकच तुकडा तीनदा. स्टाफच्या, म्हणजे पाश्चात्त्य नोटेशनच्या, वहीत स्वच्छ अक्षरात लिहून नेली. सरांनी ती एकदा वाचून वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली, आणि म्हणाले, बाय, चाल छान आहे. पण एवढं सगळं तूच बोललीस तर मी काय वाजवू?

मला तेव्हा ते नीट कळलं नाही, खरं सांगायचं तर लागलं थोडं. मग त्यांनी मला एलिंग्टनचा 'सी जॅम ब्लूज' वाजवून दाखवला. 1942 च्या आसपासची चाल. दोन सूर आहेत तिच्यात. पंचम आणि सा. नुसता पंचम मारत राहायचा लयीत आणि शेवटी साला यायचं, एवढी ओळ, आणि तीच ओळ तीनदा, बारा बार संपले. ऐशी वर्षं जगभरातले लोक त्या दोन सुरांवर रात्र रात्र वाजवतायत. एलिंग्टनसारख्या माणसाला तिसरा सूर सुचला नसेल का? त्याला त्याच्या बँडमधला प्रत्येक माणूस माहीत होता, कोण कुठे काय बोलेल हे माहीत होतं, म्हणून त्याने बाकीची जागा त्यांना दिली.

त्या रात्री घरी येऊन भांडी घासताना मला एकदम लेहरा आठवला. आणि आठवल्यावर हात थांबलाच माझा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तबल्याचं एकलवादन असतं तेव्हा पेटीवाला एकच ओळ वाजवत राहतो, तीनतालात असेल तर सोळा मात्रांची, बहुतेकदा चंद्रकंसातली. तबलावादक पेशकार मांडतो, कायदे, रेले, तुकडे, सगळं जग फिरून येतो, आणि आपण पाऊण तास तीच ओळ, तिची पहिली मात्रा म्हणजे सम. मी सोळासतरा वर्षांची असताना एका गुरुपौर्णिमेला असा लेहरा धरला होता आणि मधेच मला मोह झाला, मी दोन हरकती घातल्या, एक जागा दुगुनीत केली. कार्यक्रम झाल्यावर ते तबल्याचे बुवा मला बाजूला घेऊन अतिशय प्रेमाने म्हणाले, बाळ, लेहरा सजवायचा नसतो, मला सम दिसली पाहिजे.

सम दिसली पाहिजे. अठ्ठावीस वर्षांनी बांद्र्यात सर तेच सांगत होते की. आणि मला तर हे आधीपासून येत होतं! मी कितीतरी तास तशी ओळ वाजवली होती जिचं काम दुसऱ्याला निर्धास्तपणे लांब जाऊ देणं एवढंच होतं. फक्त स्वतःची चाल करायची म्हटल्यावर मी ते सगळं विसरले, कारण डोक्यात भावगीत होतं. भावगीताची चाल पूर्ण असते, असायलाच हवी, शेवटचा सूर संपला की गाणं संपलं. जॅझची चाल संपते तिथून पुढे वाजवणाऱ्यांचं काम सुरू होतं. बंदिशीसारखंच आहे हे. स्थायीच्या दोन ओळी लिहून ठेवणाऱ्याला माहीत असतं की पुढचा तासभर गाणाऱ्याचा आहे.

सरांनी मग वेगळाच अभ्यास दिला. म्हणाले स्वतःचे कॉर्ड शोधत बसू नकोस, जुन्या गाण्याचे कॉर्ड घे आणि वर नवी चाल लिही. ही काही शिकणाऱ्यांची पळवाट नाही, सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि त्याच्या बरोबरीच्या लोकांनी 1940 च्या दशकात असंच भरपूर लिहिलंय. रे नोबलच्या 1938 च्या 'चेरोकी' गाण्याच्या कॉर्डवर पार्करने 1945 ला 'को-को' उभं केलं, आणि गर्श्विनच्या 1930 च्या 'आय गॉट रिदम'च्या कॉर्डवर किती चाली झाल्या त्याची तर मोजदाद नाही. चालीवर मालकी असते, कॉर्डच्या ओळीवर नसते, हे व्यवहाराचं कारण होतंच, पण वाजवणाऱ्यांना ते कॉर्ड झोपेत येत असत हे त्याहून मोठं कारण. मला यावरून नाट्यसंगीत आठवलं आणि गंमत वाटली, कारण आपण बरोब्बर उलटं केलं. भास्करबुवा बखल्यांनी 1916 च्या 'स्वयंवर' नाटकासाठी बंदिशींच्या चाली घेतल्या आणि त्यांच्यावर नवे शब्द बसले. इकडे चाल राहिली आणि शब्द बदलले, तिकडे कॉर्ड राहिले आणि चाल बदलली. दोन्हीकडे जुन्याच घरात नवा माणूस राहायला आला.

त्या दिवसांत मी अशा सहा चाली लिहिल्या आणि त्यातली एकही ठेवलेली नाही. पण त्या लिहिताना लयीचं एक कळलं. आम्हा पेटीवाल्यांचं सगळं वजन समेवर. मेट्रोनोम लावला तरी कान पहिल्या ठोक्याला चिकटलेला. सरांनी मेट्रोनोम निम्म्या वेगावर ठेवला आणि म्हणाले हा ठोका एक नाही, हा दोन आणि चार आहे, एक तू मनात धर. दोन महिने गेले त्यात. सुरुवातीला माझं मन दर चार बारांनी सरकून ठोक्याला सम मानायचं, मग सगळं उलटं व्हायचं. जमायला लागलं तेव्हा माझ्या चाली आपोआप समेच्या आधी उठायला लागल्या, मुखड्यासारख्या. मंकची 'स्ट्रेट, नो चेसर' नावाची चाल आहे, 1951 ला पहिल्यांदा रेकॉर्ड झालेली, तीही ब्लूजच. तिच्यात एक छोटासा तुकडा आहे आणि तोच तुकडा परत परत येतो, पण दर वेळी वेगळ्या बीटवरून उठतो, कधी शेपूट लांबतं, कधी तुटतं. सूर तर तेच आहेत ना, मग दर वेळी नवं काय वाटतं, तर समेशी असलेलं अंतर बदललेलं असतं. आपल्या एखाद्या जाणत्या गवयाने एकच बोल समेच्या आजूबाजूला फिरवावा तसं.

आता तो गंधार.

मला जोग राग फार प्रिय. जोगात दोन गंधार, चढताना शुद्ध, उतरताना कोमल, निषाद कोमल, रिषभ-धैवत नाहीतच. ब्लूज पहिल्यांदा ऐकला तेव्हाच मला त्यात जोग ऐकू आला होता, कारण इथेही दोन्ही गंधार शेजारी शेजारी नांदतात. तर मी ठरवलं की माझा ब्लूज जोगातला असणार. ओळ केली, सा ग म प करत चढणारी आणि कोमल गंधारावरून साला येणारी, पहिल्या चार बारांना इतकी गोड लागली की मी फोनवर रेकॉर्ड करून बहिणीला पाठवली. आणि पाचव्या बारला तीच ओळ फाटली. खाली एफ सेव्हन, वर माझा शुद्ध गंधार, आणि कानात वाळूचा खडा. मी आठ दिवस ती ओळ वेगवेगळी करून बघत होते, लय बदल, सूर लहान कर, काही केल्या बसेना, राग म्हणून बरोबर होती आणि तरी चुकीची वाजत होती.

उत्तर डाव्या हाताकडे होतं. त्या हाताला छत्तीस वर्षांत कधी कुणी काही विचारलंच नव्हतं. एका रात्री मी उजवा हात खाली ठेवला आणि नुसती दोन बोटं फिरवत बसले, मध्ये, खाली, मध्ये, वर, आणि ऐकलं की पाचव्या बारला डाव्या हातातला गंधारच कोमल होतोय. शुद्ध गंधार पांढरी तीनवरून खाली घसरून काळी दोन होतोय, कारण एफ सेव्हनला तो सूर स्वतःचा हवाय. जोगात गंधार कोमल होतो तो वाट उतरणीची आहे म्हणून. ब्लूजमध्ये तो कोमल होऊ शकतो कारण खालची जमीन हललीय. दोन गंधार दोन्हीकडे आहेत पण त्यांच्या असण्याची कारणं वेगळी आहेत, आणि मी एकाचं कारण दुसऱ्याला लावत होते. मला रडू आलं त्या रात्री, कशाचं ते नीट सांगता येणार नाही. जोग सोडावा लागला याचं थोडं, आणि डाव्या हाताचं बरंचसं.

मग चाल दहा मिनिटांत झाली. इतके महिने गेले आणि शेवटी दहा मिनिटं. पहिली ओळ तीन सुरांची, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम, सा, शुद्ध गंधार. सम येण्याआधी उचल, गंधार समेच्या जरा पुढे पडतो आणि थांबतो, दीड बारात बोलणं संपलं, उरलेले अडीच बार रिकामे. दुसरी ओळ तीच, फक्त शेवटी कोमल गंधार. तिसरी ओळ मंद्र पंचम, मंद्र निषाद आणि वर उडी मारून मध्यम. हा मध्यम नवव्या बारला जी सेव्हनवर ताणलेला असतो, पुढे कुठेतरी जायचंय असा. तो नुसता धरून ठेवला तर दहाव्या बारला खाली एफ सेव्हन येतो आणि तोच मध्यम त्या कॉर्डचा स्वतःचा सा होऊन बसतो, न हलता. ही जागा मी योजलेली नव्हती, वाजवल्यावर सापडली. नऊ सूर झाले एकूण, तीन-तीनच्या तीन ओळी. मी एकही वाढवला नाही.

सरांना दाखवली तेव्हा ते काही बोलले नाहीत, रविवारी ये म्हणाले. रविवारी त्यांच्याकडे दोन मुलं येतात, एक बेस वाजवतो, एक ड्रम्स, जागा लहान म्हणून तो पोरगा एक स्नेअर, एक झांज आणि ब्रशेस एवढंच आणतो. मी कागदाच्या चार झेरॉक्स नेल्या होत्या. बेसवाल्याने विचारलं, नाव काय ताई हिचं, मी म्हटलं नाव नाही ठेवलेलं, तर त्याने स्वतःच्या कागदावर वर माझं नाव लिहिलं आणि पुढे ब्लूज असं लिहिलं.

मी पियानोच्या खालच्या टोकाला बसून फक्त डावा हात वाजवायचा आणि वरचं सर वाजवणार असं ठरलं, एकाच बाकावर दोघं. दोनदा चाल वाजली. तिसऱ्या आवर्तनाला सर सुटले. मी दोन बोटांनी माझ्या तीन जागा धरून मोजत होते, मध्ये, मध्ये, मध्ये, मध्ये, लेहऱ्यासारखी, काही न सजवता. ते माझ्याच तीन सुरांशी खेळत होते, कधी पंचम गाळून, कधी नुसता सा लयीत मारत. आणि चौथा बार संपताना त्यांनी शुद्ध गंधार धरला. मी पाचव्या बारला बोटं खाली सरकवली, माझ्या हातात कोमल गंधार, आणि सरांनी वरचा शुद्ध गंधार सोडलाच नाही. तोच खडा, ज्याच्यापायी मी आठ दिवस झोपले नव्हते. एक बीट, दोन बीट, ड्रम्सवाल्या पोराने मान वर करून पाहिलं, बेसवाला एका सुरावर थांबून राहिला, आणि तिसऱ्या बीटला सरांचं बोट पांढऱ्या पट्टीवरून काळीवर घसरलं, गंधार खाली येऊन माझ्या गंधारात मिसळला, आणि बेसवाला मोठ्याने हो म्हणाला.

हे मी लिहिलेलं नव्हतं. घरी वाजवताना आता मी पण कधी कधी तसा धरून ठेवते तो गंधार, दोन बीट, कधी तीन. कागदावर मात्र पाचव्या बारला अजून सरळ कोमल गंधारच लिहिलेला आहे, तो मी बदललेला नाही.